किल्ली काउंटरवरच असू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या जानेवारीत सायकलवरून साताऱ्याच्या रस्त्याने जाताना एका पेट्रोल पंपावर मला स्वच्छतागृहाची किल्ली मिळाली नाही. त्याविषयी लिहायचं आहे. पण 53 वर्षांची बाई सायकल घेऊन तिथे कशाला गेली होती, हा प्रश्न आधी येणार हे मला अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी सहकारनगरला राहते, बँकेत नोकरी करते. घरी नवरा आणि 81 वर्षांच्या सासूबाई. मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला असते. दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली, की पार्किंगमधल्या न वापरलेल्या सायकली रविवारपर्यंत हलवा, नाहीतर भंगारात जातील. मुलीची गिअरची सायकल बारावीनंतर जिन्याखालीच उभी होती. दोन्ही चाकं बसलेली, चेन गंजलेली. भंगारवाल्याकडे ढकलत न्यायची तर निदान हवा तरी भरू, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात नेली. हवा भरून झाली आणि परत फिरताना पाय आपोआप पायडलवर गेला.

पर्वती पायथ्यावरून सारसबागेपर्यंत उतार आहे. त्या उतारावर मी ब्रेक सोडला. 1989 साली याच उतारावरून मी एसपी कॉलेजला जात असे, मोठ्या भावाच्या वापरलेल्या सायकलवरून, वह्या कॅरिअरला लावून. तेव्हा टिळक रोडवर सकाळी सायकलींचीच गर्दी असायची. पुढे लग्न झालं, स्कूटर आली, मुलगी झाली आणि सायकल कधी सुटली ते आठवतही नाही. त्या दिवशी टिळक रोडला पोचले तेव्हा वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि सगळं पाणी वाऱ्याचं नव्हतं.

सायकल भंगारात गेली नाही. दुकानात दुरुस्तीला टाकली तेव्हा दुकानदारांनी मला सीटवर बसायला सांगितलं आणि म्हणाले, “ताई, तुमची सीट फार खाली आहे. अशाने गुडघे जातील.” मला तर लहानपणी हेच शिकवलं होतं, की बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. त्यांनी सांगितलं, पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. त्यांनी पान्याने सीट दोन इंच वर केली. आता बसल्यावर जमिनीला फक्त चवडा लागत होता, तोही सायकल एका बाजूला कलती केली तर. चार दिवस मी त्या उंचीला घाबरले. प्रत्येक सिग्नलला पुढे उतरून उभी राहायचे. पाचव्या दिवशी लक्षात आलं, की चढावर मांडीला जोर मिळतोय आणि गुडघा दुखत नाहीये. इतकी वर्षं पडायच्या भीतीने आम्ही सगळ्या बायका सीट खाली ठेवून गुडघे झिजवत होतो.

माझी पाळी पन्नाशीत थांबली. रात्री अंगातून वाफा येऊन जाग यायची, दिवसा विनाकारण रडू यायचं. सायकलने हे सगळं बरं झालं असं मी म्हणणार नाही. पण पहाटे साडेपाचला बाहेर पडायचं ठरलेलं असलं की रात्रीची ती जाग तितकी भयंकर वाटत नाही. डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र बजावली, ती इतर मैत्रिणींसाठी लिहिते. सायकलने गुडघ्यांवर ताण कमी येतो, पण हाडांवर भारही पडत नाही. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ व्हायला लागतात, त्यांना भार लागतो. तेव्हा जोडीला जिने चढा, चाला, थोडी वजनं उचला.

आधी खडकवासला, मग बोपदेव घाट, मग दिवे घाट. बोपदेवला पहिल्यांदा तीनदा उतरून सायकल ढकलली. दिवे घाटात अर्ध्यावर थांबून खाली मस्तानी तलाव बघत बसले. या घाटातून मी पूर्वी पालखीबरोबर एक दिवस सासवडपर्यंत चालले होते. तेव्हा माझ्यापुढे सत्तरीच्या आजी डोक्यावर तुळस घेऊन चालत होत्या, पंढरपूरपर्यंत. त्यांना कोणी “या वयात?” असं विचारत नव्हतं. मला मात्र सासवडहून परतल्यावर लिफ्टमध्ये, बँकेत, लग्नकार्यात एकच प्रश्न येतो : “सोबत कोण होतं?” एकटी होते म्हटलं की समोरचा माणूस माझ्याकडे नाही, माझ्या नवऱ्याकडे बघतो. कोणी मला अडवलेलं नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण दर वेळी आपल्या आनंदाचा खुलासा द्यावा लागला, की हळूहळू बाई तो आनंदच आवरता घेते. माझ्या दोन मैत्रिणींनी एवढ्यावरच सोडून दिलं.

वयाचा मुद्दा निघाला तर माझ्याकडे एक नाव तयार असतं. जमशेदपूरच्या प्रेमलता अग्रवाल 2011 साली एव्हरेस्टवर पोचल्या तेव्हा 48 वर्षांच्या होत्या, मोठ्या मुलींची आई होत्या. मला एव्हरेस्ट नको आहे. मला 200 किलोमीटर हवे होते.

सायकलवाल्यांमध्ये ‘ब्रेव्हे’ नावाचा प्रकार असतो, मूळ फ्रान्समधला. ती शर्यत नसते, त्यात पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा. दोन ठिकाणांच्या मधे कोणाची गाडी मदतीला चालत नाही, पंक्चर झालं तर आपलं आपण काढायचं. पुढे 300, 400 आणि 600 असे टप्पे आहेत, आणि एकाच मोसमात चारही पूर्ण करणाऱ्या बायका पुण्यात आहेत. मी पंक्चर काढायला शिकले. ट्यूब पाण्याच्या बादलीत बुडवून बुडबुडा शोधताना सासूबाई शेजारी खुर्ची घेऊन बसायच्या आणि माझ्याआधी त्यांनाच तो दिसायचा.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी सहाला पुण्याहून माझ्या पहिल्या ब्रेव्हेला निघाले. कात्रजचा जुना बोगदा, कापूरहोळ, नीरेचा पूल, शिरवळ, खंडाळा, मग खंबाटकीचा चढ. पाचवडच्या आसपास शिक्का घेऊन परत फिरायचं होतं. सायकलवर पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. त्यातली निम्मी बाटलीही मी दुपारपर्यंत संपवली नव्हती.

का, ते प्रत्येक बाईला कळेल. एसटीने गावाला जायचं असलं की आई आदल्या रात्रीच सांगायची, “सकाळपासून पाणी पिऊ नकोस.” शाळेच्या सहलीला तेच, ऑफिसच्या ट्रेनिंगला तेच. 53 वर्षांचं वळण आहे ते. जाताना एका पंपावर थांबले तेव्हा पुरुषांचं स्वच्छतागृह उघडं होतं, बायकांच्या दाराला कुलूप. किल्ली मॅनेजरकडे आणि मॅनेजर जेवायला गेलेले. पंपावरचा मुलगा वाईट बोलला नाही, त्याला खरोखरच काही करता येत नव्हतं. मी पुढे निघाले आणि पाणी आणखी कमी केलं.

परतीच्या वाटेवर खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडून थोडी पुढे आले आणि उजव्या पोटरीत गोळा आला. पाय पायडलवरून निघेना. कशीबशी कडेला उतरले आणि एका चहाच्या टपरीसमोर मातीतच बसले. टपरीवरच्या ताईंनी एका हाताने माझा बूट काढला, दुसऱ्या हाताने पायाची बोटं धरून नडगीकडे वाकवून ठेवली, गोळा सुटेपर्यंत. त्यांच्या तळव्याला चहापत्तीचा वास होता. मग ग्लासात लिंबू, मीठ, साखर ढवळून पुढे केलं. मी दोन घोट घेऊन थांबले, तेव्हा त्या माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, “प्या बिनधास्त. मागं आमचं घर हाय, संडास हाय.”

मी दोन ग्लास प्यायले.

निघताना त्यांनी विचारलं, “कुठनं आलाय?” पुण्याहून म्हटलं. “सायकलवं? आन् जायाला उजेड पुरंल का?” सोबत कोण आहे, असं त्यांनी विचारलं नाही. मी दिवे लावून दाखवले, पुढचा पांढरा, मागचा लाल. त्यांनी बघितले आणि “जावा मग” म्हणाल्या.

रात्री आठ वाजून पाच मिनिटांनी पुण्यात पोचले. मुदत साडेसातची होती. पस्तीस मिनिटांनी माझं कार्ड बाद झालं. वाईट वाटलं, अजूनही वाटतं, कारण पाय कमी पडले नव्हते, पाणी कमी पडलं होतं.

संपादक महाराज, पेट्रोल पंपांवर हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह मोफत असलं पाहिजे, असा तेल कंपन्यांचाच नियम आहे. नवीन काही बांधा असं मी म्हणत नाही. बायकांच्या दाराची किल्ली मॅनेजरच्या खिशात न ठेवता पैसे घेण्याच्या काउंटरवर ठेवा, एवढंच. कुलूप का लावतात, तर बाहेरचे लोक घाण करतात म्हणून, असं उत्तर मिळतं. मग पुरुषांच्या दाराला कुलूप का नाही? वारीच्या वाटेवर आता लाखो माणसांसाठी फिरती स्वच्छतागृहं उभी राहतात, हे याच जिल्ह्यात दर वर्षी आपण बघतो. बोपदेवच्या माथ्यावर, सिंहगडाच्या पायथ्याशी रविवारी पहाटे आता कितीतरी बायका दिसतात, चाळिशीच्या, पन्नाशीच्या, साठीच्या. त्यांतल्या बहुतेकजणी घरून पाणी न पिता आलेल्या असतात. तिथेही स्वच्छ, आतून कडी लागणारी, पाणी असलेली सोय पहाटे पाचपासून उघडी हवी. ग्रामपंचायतींनी त्यासाठी पाच-दहा रुपये घेतले तरी आम्ही आनंदाने देऊ. स्वच्छता करणाऱ्या बाईला त्यातून पगार मिळेल.

आणि शेजारणीला, बहिणीला, आईला पहाटे सायकल किंवा काठी घेऊन निघताना पाहाल, तर दिवे आहेत का, पाणी घेतलं का, एवढं जरूर विचारा.

येत्या जानेवारीच्या 200 किलोमीटरसाठी मी पुन्हा नाव दिलं आहे. सासूबाई त्या टपरीवरच्या ताईंसाठी तिळगूळ देणार आहेत. सायकलला आता तिसरी बाटली बसवून घेतली आहे. या वेळी सकाळी पोटभर पाणी पिऊन निघेन आणि वाटेतल्या प्रत्येक पंपावर किल्ली मागेन.

आपली,
एक वाचक
सहकारनगर, पुणे 9