नव्या रिंगा आणि मंद गतीचा हट्ट

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

प्रीमियर पद्मिनी किंवा अॅम्बेसेडरसारखी जुनी गाडी ऑइल खाऊ लागली आणि निळसर धूर सोडू लागली, की तिच्या रिंगा, म्हणजे पिस्टनभोवतीची धातूची कडी, बदलल्या जातात. काम झाल्यावर मालकाला बहुधा एकच सूचना मिळते: गाडी दोन-तीन तास जागेवरच चालू ठेवा आणि पुढे बरेच दिवस चाळीसच्या वर नेऊ नका. ही सूचना काळजीपोटीच दिली जाते, पण नव्या रिंगांचे नुकसान तिच्यामुळेच होते.

रिंगेचा स्वतःचा ताण मर्यादित असतो. ज्वलनाचा वायू पिस्टनच्या खाचेत रिंगेच्या मागे शिरून तिला बोअरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या सिलिंडरच्या पोकळीच्या, भिंतीवर दाबतो, आणि हा दाब इंजिनावर भार असतानाच पुरेसा निर्माण होतो. जागेवर चालणाऱ्या इंजिनात रिंग नुसती घासत राहते, भिंतीवरचे ऑइल भाजून काचेसारखा गुळगुळीत थर धरते आणि मग रिंगा बसतच नाहीत. इंजिन पुन्हा उघडावे लागते. त्यातच पट्ट्यावर फिरणारा पंखा मंद गतीत वाराही कमी देतो, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार असताना हे फार महागात पडते.

त्यापेक्षा पहाटे तुळजापूर रस्त्याला लागावे, इंजिन पुरेसे गरम झाले, की तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसवरून साठपर्यंत ठाम वेग द्यावा आणि मग गिअर तसाच ठेवून अॅक्सिलरेटर सोडावा. वेग देताना रिंगा दाबल्या जातात, तर सोडताना सिलिंडरात निर्वात होऊन ऑइल वर ओढले जाते व घासून निघालेले कण धुतले जातात. असे अनेकदा करावे; मात्र इंजिन भाराने दमून अडखळत असेल तर गिअर उतरवावा, आणि एकाच वेगाने लांब पल्ला गाठू नये. सुरुवातीला साधे मिनरल ऑइल घालून ते काहीशे किलोमीटरनंतर बदलावे.

अर्थात, गॅरेजमधले काम कच्चे असेल, तर चालवण्याने काही साधत नाही. बोअरच्या वरच्या टोकाशी पडलेला कंगोरा काढला नाही, तर नवी रिंग त्यावर आपटून मोडते. होनिंगने, म्हणजे घासदगडाने बोअर घासून, भिंतीवर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा उमटल्याच पाहिजेत, आणि त्यानंतर बोअर गरम पाणी व साबणाने धुवावा. नुसत्या रॉकेलने बारीक भुकटी निघत नाही. प्रत्येक रिंग बोअरमध्ये सरळ बसवून फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, तिची गॅप (दोन टोकांमधली फट) मोजावी. बोअरच्या व्यासाच्या दर इंचामागे सुमारे चार हजारांश इंच हा जुना हिशेब धरला, तर पद्मिनीच्या 68 मिमी बोअरसाठी ती साधारण पाव मिलिमीटर भरते. गॅप न मोजता रिंगा चढवणाऱ्यांकडे हौसेची गाडी देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिवाय धूर दिसला, की दोष रिंगांचाच, असेही नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात तयार होणारा दाब, मोजावे, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चढला, तर रिंगा किंवा बोअर झिजले आहेत. न चढल्यास आधी व्हॉल्व्ह आणि त्यांचे गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) तपासावेत. ही तपासणी काही मिनिटांची आहे, आणि इंजिन उतरवण्यापूर्वी गाडीमालकाने तिचा आग्रह धरावा.

आपला,
एक जुना वाहनधारक, सोलापूर