ओटीवरचा गृहपाठ

बडोदे

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

नातीला इंग्रजीच्या गृहपाठात मदत करताना उत्तरे सांगावीत की नाही, असे तू पत्रात विचारले आहेस. दांडिया बाजारातल्या आमच्या ओटीवर रोज संध्याकाळी शेजारची चार-पाच मुले वह्या घेऊन बसतात, त्या अनुभवावरून लिहितो: आयते उत्तर देऊ नकोस, तिला ओळ पुन्हा वाचायला लाव.

गेल्या आठवड्यात नववीतल्या एका मुलीने रॉबर्ट फ्रॉस्टच्या ‘द रोड नॉट टेकन’ या कवितेवरचे उत्तर गाइडातून उतरवून आणले होते: कवीने कमी वहिवाटीची वाट निवडली, म्हणून तो यशस्वी झाला. मी वही मिटली आणि तिला मधली दोन कडवी मराठीत सांगायला लावली. दुसऱ्या वाटेवर गवत जास्त होते, येथवर ती भराभर बोलली. पण लगेच पुढे दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच मळल्या होत्या आणि त्या सकाळी दोन्हींवर न तुडवलेला पाचोळा पडला होता असे कवीच म्हणतो, तेथे ती थबकली. “मग शेवटी आपण कमी वहिवाटीची वाट धरली, असे तो का सांगतो?” हे तिनेच विचारले. मला फार आनंद झाला. यशाचा शब्द त्या कवितेत नाही, उसासा मात्र आहे, आणि तो तिला स्वतःला सापडला. त्यानंतरच मी तिला सांगितले की फ्रॉस्टचा मित्र एडवर्ड थॉमस इंग्लंडमध्ये त्याच्याबरोबर फिरायला जाई आणि आपण दुसऱ्या वाटेने जायला हवे होते, अशी हळहळ करी. त्यावरून सुचलेली ही कविता १९१५ मध्ये छापली गेली आणि १९१७ मध्ये थॉमस महायुद्धात मारला गेला. ही हकीकत मी आधीच सांगितली असती, तर तिने तीही उतरवून घेतली असती.

व्याकरणात मात्र ताटकळत ठेवू नये. ‘मी काल आलो आहे’ हे आपल्याकडे खपते, म्हणून मुले ‘आय हॅव कम यस्टरडे’ लिहितात. तेथे कारण दाखवून नियम सरळ सांगावा. ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे तर आपल्या भाषेत नाहीतच, त्यांच्या चुकांवर रागावणे मला अन्यायाचे वाटते.

नातीला सध्या कोणती कविता आहे ते कळव आणि तिने स्वतः लिहिलेले एखादे उत्तर, चुका न सुधारता, पाठव.

तुझा,
बालमित्र