कुठला दगड, ते लिहून ठेव

कोथरूड, पुणे
रविवार

चि. मुक्ता हिला अनेक आशीर्वाद.

दिवाळीआधी घराला रंग द्यायचं ठरलं, म्हणून तुझ्या खोलीतलं सामान हॉलमध्ये आलंय. कपडे आणि पुस्तकं एका सकाळीत आवरली. दगड मात्र निघतच राहिले. बेडच्या खणातून, माळ्यावरून, टेबलाखालून, गॅलरीतल्या चपलांच्या कपाटामागून. तीनशेच्या वर सहज भरतील. आणि तू अजून आणतेच आहेस, तेव्हा वाढणारच. वाढावेत असंच मला नि बाबांना वाटतं. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना ‘आई आता टाकून द्यायला सांगणार’ अशी धास्ती नको.

एक काम मात्र तुलाच करायचंय. दगड कशात ठेवायचे, कुठे ठेवायचे, ते आम्ही दोघं बघतो. पण कुठला दगड कुठून आला हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, आणि ते आठवतंय तोवर लिहून काढायला हवं.

माझं अर्धं आयुष्य ग्रंथालयात गेलं, त्यामुळे मला याची जरा जास्तच काळजी वाटते. पुस्तकाचं पहिलं पान फाटलं तरी नाव, लेखक, साल कुठून तरी शोधून काढता येतं. दगडावर काही छापलेलं नसतं. स्टिल्बाइट या पांढऱ्या खनिजाचे दोन तुकडे मी शेजारी ठेवले, एक तुझ्या चिठ्ठीप्रमाणे वाघोलीचा, दुसरा जळगावकडचा. चिठ्ठ्या काढल्या तर मला फरक सांगता येणार नाही, आणि वर्षभरानं तुलाही सांगता येईल की नाही, शंका आहे. आपल्या पायाखालचा काळा कातळ म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतत गेलेला लाव्हा. त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, मागाहून गरम पाणी झिरपलं आणि त्या पोकळ्यांत ही खनिजं वाढली. कुठल्या थरात कसलं पाणी खेळलं त्यावर कुठे काय सापडणार ते ठरतं, हे तूच मला समजावलं होतंस. मग ठिकाण गेलं की दगडातलं निम्मं सांगणंच गेलं. शिवाय खाण बुजली, पाण्यानं भरली किंवा तिच्यावर इमारती उभ्या राहिल्या, तर पुन्हा जाऊन बघायचीही सोय उरत नाही.

म्हणून मी एक जाड, बांधीव, रेघी वही आणली आहे. आमच्याकडे दाखल नोंदवही असायची, तशीच ही ठेवायची. दाखल क्रमांक 1 पासून सरळ चढत जायचे. त्यात खनिजाचं नाव, गावाचं नाव, साल असं काही कोंबायचं नाही, कारण नाव पुढे बदलू शकतं. आज तू ज्याला स्टिल्बाइट म्हणतेस ते उद्या ह्यूलँडाइट निघेल. आकडा बदलत नाही. एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या दगडाला कधीच द्यायचा नाही. दगड कुणाला दिला, हरवला, फुटला, तरी ओळ तशीच ठेवून शेऱ्याच्या रकान्यात काय झालं ते लिहायचं. रकाने मी आखलेत: क्रमांक, काय आहे, ठिकाण, तारीख, कसा मिळाला (स्वतः उचलला, विकत, भेट), शेरा आणि खोका. खोक्याचा रकाना पेन्सिलनं भरायचा, कारण खोके सारखे हलणार. ‘विकत’ आणि ‘स्वतः उचलला’ हा फरक नीट लिही. प्रदर्शनात घेतलेल्या दगडाचं ठिकाण म्हणजे दुकानदाराचा शब्द असतो. गोंदानं चिकटवलेले नमुनेही बाजारात असतात.

चिठ्ठ्या जपून ठेवल्यात. काही दगडांना बसच्या तिकिटामागे खरडलेली गावाची नावं आहेत, काहींना काहीच नाही. पण पुष्कळसे वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते, आणि तो कागद मी एकही फेकलेला नाही. प्रत्येकावर तारीख आहे. ती दगड गुंडाळल्याची तारीख नव्हे, पण त्या तारखेच्या आधी तो गुंडाळलेला नव्हता इतकं तर नक्की. एका कागदावर नाशिक आवृत्ती छापलंय. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय बघायला गेलो होतो त्याच वेळचा असणार, बघ आठवतंय का. हे कागद दगडाशेजारीच ठेवलेत. तू नोंद केलीस की मग ते रद्दीत जातील. कायमचे आत ठेवायचे नाहीत, तसला कागद पिवळा पडतो आणि त्याला कसर लागते.

दगडावर क्रमांक घालायची रीत अशी. मागच्या काळ्या कातळावर, जिथे स्फटिक नाहीत अशा जागी, पांढऱ्या अ‍ॅक्रिलिक रंगाचा तुरीच्या डाळीएवढा ठिपका द्यायचा. वाळला की त्यावर बारीक निबाच्या पेनानं, पाण्यानं न जाणाऱ्या काळ्या शाईत आकडा. संग्रहालयांत या ठिपक्याखाली आणि आकड्यावर पॅरालॉइड बी-72 नावाच्या राळेचा पातळ हात देतात, म्हणजे पुढे कधी काढायचा झाला तर अ‍ॅसिटोननं निघतो आणि दगडाला काही होत नाही. रंग आणि पेन मी अप्पा बळवंत चौकातून आणलंय. राळ तू तिकडे मिळते का बघ. तोवर हे आकडे मी घालणार नाही. दगडाइतकीच चिठ्ठी पेन्सिलनं लिहून प्लॅस्टिकच्या पुडीत घालायची आणि दगडाखाली सरकवायची. घरच्या प्रिंटरची शाई ओल लागली की पसरते, पेन्सिल पसरत नाही.

आता मांडणी. तू फोनवर म्हणालीस, खनिजाप्रमाणे लावू. मी दोन संध्याकाळी बसून करून बघितलं आणि ते जमणार नाही असं माझं मत झालंय. आमच्या ग्रंथालयाच्या वर्गीकरणात खनिजशास्त्राचा क्रमांक 549 आणि पाषाणशास्त्राचा 552, त्यामुळे पुस्तक एकाच फळीवर जातं. पण तुझ्या एकाच दगडावर खाली स्टिल्बाइट, त्यावर अ‍ॅपोफिलाइट आणि कडेला कॅल्साइट बसलेलं असतं. तो कुठल्या खोक्यात घालायचा? ठिकाणाप्रमाणे लावलं तर हा प्रश्नच येत नाही: वाघोलीचं वाघोलीत, पाषाण गावचं पाषाणात, जळगाव, नाशिक, घाटमाथा, कोकण, मग राजस्थान. खनिजांची यादी वहीच्या मागच्या पानांवर करू, समोर नुसते क्रमांक. अ‍ॅपोफिलाइट कुठे कुठे आहे ते तिथून शोधता येईल.

एवढ्याला दोन अपवाद करावे लागले. नाजूक आणि पाणी न सोसणारे दगड ठिकाणापासून वेगळे काढलेत.

स्कोलेसाइटच्या सुयांना कापूस अजिबात लावायचा नाही. धागे सुयांत अडकतात, आणि ओढायला गेलं की सुया तुटतात. ओकेनाइटच्या पांढऱ्या केसाळ गोळ्यांना तर बोटही लावायचं नाही. ते केस एकदा दबले की पुन्हा उभे राहत नाहीत, आणि पाणी लागलं तर एकमेकांना चिकटून बसतात. त्यांना बुडाशीच धरायचं आणि तळाला आधार देऊन झाकणाच्या डब्यात ठेवायचं. आधाराला मला एक छान वस्तू सापडली. मंडईत सफरचंदांना, पेरूंना घातलेली पांढरी फोमची जाळी असते ना, ती. ती मऊ असते आणि लवकर चिकट होत नाही. गादीतला पिवळा स्पंज मात्र काही वर्षांत भुगा होऊन दगडाला चिकटतो, तो नको. फळवाल्याकडून पिशवीभर जाळ्या मिळाल्या.

सांभरहून आणलेला मिठाचा खडा पावसाळ्यात पाझरला होता. त्याच्या खोक्याला खाली ओला डाग होता आणि शेजारच्या चिठ्ठीवरचं अक्षर गेलं होतं. आता तो घट्ट झाकणाच्या बरणीत आहे. आत ओल शोषणारे सिलिका जेलचे नारिंगी दाणे टाकलेत, ते हिरवे झाले की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरायचे. प्रदर्शनातलं पायराइट त्याच पद्धतीनं वेगळ्या बरणीत ठेवलंय. ओलीनं त्यावर पिवळट-पांढरी पूड धरते आणि गंधकाम्ल सुटतं, ते चिठ्ठी आणि खोका दोन्ही खातं. राजस्थानचं जिप्सम नखानं ओरखडतं, त्यामुळे त्याला एकट्याची डबी. ते पाण्यात भिजवायचंही नाही. गारगोटी कॅल्साइटशेजारी सुटी ठेवायची नाही. दहाच्या मापावर गारगोटीचा कठीणपणा 7, कॅल्साइटचा 3. खोका हलला की एक दुसऱ्याला घासत राहतो. जांभळा अमेथिस्ट खिडकीतून काढलाय, उन्हानं त्याचा रंग उतरतो.

घाटातल्या रस्त्याच्या कापणीतून आणलेला एक दगड तुला दाखवायचाय. त्यावरच्या पांढऱ्या कांड्यांना मी हात लावला नाही, नुसतं खोक्याचं झाकण उघडलं, तर कडेच्या दोन कांड्या पडल्या आणि त्यांचं पीठ झालं. तुझ्या चिठ्ठीवर प्रश्नचिन्हासकट ‘लॉमोंटाइट’ लिहिलंय. ते बरोबर असावं. त्याच्या स्फटिकातलं पाणी कोरड्या हवेत निघून जातं आणि मग तो असा ढासळतो. म्हणजे सगळ्यांना सरसकट सिलिका जेल घालायचं नाही, याला तर मुळीच नाही. तो मी बंद डब्यात, कुठलीही कोरडं करणारी वस्तू न घालता ठेवलाय. पुढे काय करायचं ते तू ठरव.

धुवायचं काम अजून काढलेलं नाही. काढीन तेव्हा साधं, गार पाणी आणि जुना मऊ दात घासायचा ब्रश, तोही चिवट दगडांनाच. शेजारच्या काकूंनी संडास साफ करायच्या अ‍ॅसिडनं ‘चकाचक’ करायला सुचवलं. त्यानं कॅल्साइट फसफसून जाईल आणि स्टिल्बाइटसारखी झिओलाइटंही खराब होतील, असं त्यांना सांगितलं. गरम पाणीही नाही. तुझ्या सरांनी दिलेला पाषाणच्या जुन्या खाणीतला हिरवा अ‍ॅपोफिलाइट मी काल खिडकीपाशी नेऊन नीट बघितला. चौकोनी खांब, बाजूंना उभ्या बारीक रेघा, आणि वरच्या सपाट तोंडावर मोत्याची झाक. त्या तोंडाला समांतर आत एक केसाएवढी चीर दिसते. त्याच दिशेनं तो सहज चिरतो, तापवलं की लगेच.

वजनाचंही बघायला लागलं. बेसाल्टचा लिटरभराचा तुकडा म्हणजे तीन किलोच्या आसपास. 40 बाय 30 बाय 15 सेंटिमीटरचा खोका अर्धाच भरला तरी पंचवीस किलोच्या पुढे जातो. माळ्यावर हे पुन्हा चढवायचं नाही, उतरवताना बाबांच्या पाठीवर आलं. त्यांनी जुन्या बाजारात बुधवारी जाऊन लोखंडी अँगलचा रॅक बघून ठेवलाय, खणांना 18 मिलिमीटरचा प्लाय टाकणार आहेत. मोठे दगड सगळ्यात खाली, वरच्या खणात उथळ ट्रे. लहान नमुन्यांना काडेपेट्यांचे आतले खण पुरतात, मधल्यांना रविवार पेठेतून कोरे पुठ्ठ्याचे खोके आणू. मिठाईचे रिकामे खोके घेऊ नकोस, तुपाच्या डागांना मुंग्या येतात. रॅक तुझ्या खोलीच्या आतल्या भिंतीला लागेल. गॅलरीकडची भिंत पावसाळ्यात ओल धरते.

एक खण रिकामा ठेवायला मी त्यांना सांगितलंय. पुढे येणाऱ्यांसाठी.

आणि आता न सांगता येणाऱ्या दगडांचं. ज्यांना चिठ्ठी नाही, आठवण नाही, आणि जे दिसायलाही साधे आहेत, ते मी एका पाटीत काढलेत. तू एकदा बघ, मग ते शाळेला देऊ. मुलांना हातात घेऊन घासायला, तोलायला असे दगड लागतातच. पण ते वेताळ टेकडीवर नेऊन टाकू नकोस, हे कळकळीनं सांगते. गोव्याचा किंवा राजस्थानचा दगड टेकडीवर पडला तर उद्या एखादी तुझ्यासारखीच मुलगी तो उचलेल आणि टेकडीचा म्हणून नोंदवेल. तसंच तिकडे बंगळूरच्या लालबागेतल्या त्या उघड्या खडकाला छिन्नी लावायची नाही. सुमारे 300 कोटी वर्षांचा खडक आहे आणि राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपलेला. त्याचा फोटो पुरे. लेणी आणि किल्ले यांचंही तेच. खाणीत मालकाला विचारल्याशिवाय आणि सुरुंगाच्या वेळी पाय टाकायचा नाही, हे तर तुला माहीतच आहे.

कॅव्हनसाइटची निळी फुलं ज्या दगडावर आहेत तो शेवटी राहिला. वाघोलीचा, एवढं मला माहीत आहे, कारण तो घेऊन तू घरी आलीस तेव्हा बुटांना खडीची पांढरी भुकटी होती. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये हे खनिज आधी सापडलं, पण इतके सुरेख नमुने वाघोलीनंच जगाला दिले. पण कुठली खाण, कोण बरोबर होतं, खालच्या ढिगातला की कातळात बसलेला, हे कुठेच लिहिलेलं नाही. त्याला क्रमांक 1 द्यायचं माझ्या मनात आहे.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला व्हिडिओ कॉल कर. मी एकेक दगड कॅमेऱ्यासमोर धरीन, शेजारी पट्टी ठेवून बाबा फोटो काढतील, तू सांगशील तसं मी लिहीन. जे नक्की आठवत नाही तिथे ‘बहुधा’ लिहू, अंदाजानं गाव ठोकायचं नाही. एका बैठकीत वाघोली आणि पाषाण एवढे दोनच खोके घेऊ. रंगारी गुरुवारी येतोय, तोवर सगळं हॉलमध्येच आहे.

जेवण वेळेवर करत जा.

तुझी,
आई

ता. क. पार्सलनं दगड पाठवलास तर प्रत्येकाची चिठ्ठी त्याच्याच पुडीत घाल, सगळ्यांची मिळून एक यादी करून वर ठेवू नकोस. मागच्या वेळी यादीत सात नावं होती आणि पुड्या आठ निघाल्या. आठवा कुठला, ते रविवारी आधी सांग.