झाकण उघडून बघा, मग भाव सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिरोळ तालुक्यात माझं डीटीपीचं लहानसं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांत, दशक्रियेची कार्डं, कधी ग्रामपंचायतीच्या नोटिसा. सगळं काम २००९ साली जोडून घेतलेल्या एका कोअर टू ड्युओ संगणकावर चालतं. तो बदलत नाही त्यामागे माझी चिकटवृत्ती नाही. माझ्या मराठी फॉण्टचं लॉक, म्हणजे जी डबी खोचल्याशिवाय फॉण्ट चालत नाही ती, जुन्या प्रिंटरच्या रुंद पोर्टला लागते, आणि तसं पोर्ट आता नवीन संगणकाला सहसा येत नाही. सोळा वर्षांच्या पत्रिका त्याच फॉण्टमध्ये, पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पडून आहेत. थोरल्या मुलीची पत्रिका मीच केलेली असली की धाकटीच्या वेळी लोक सांगतात, "तस्सलीच करा, फक्त नावं बदला."

तर यंदा जानेवारीत सकाळी बटण दाबलं की घर्रर्र आवाज सुरू व्हायचा. पत्रिकेचा मजकूर घेऊन आलेल्या एका काकांनी विचारलंसुद्धा, "काय वैनी, पिठाची गिरण घातली काय?" दहा मिनिटांनी आवाज आपोआप बसायचा. पंख्यातलं जुनं वंगण थंडीनं घट्ट होतं आणि फिरून गरम झालं की सैल पडतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मात्र "गप्प झालाय ना, मग चालू दे" म्हणत महिना काढला. ऐन लग्नसराईत पान उघडायला दोन-दोन मिनिटं लागायला लागली. भाचा म्हणाला, व्हायरस असेल, फॉरमॅट मारू. नशीब, त्याला वेळ नव्हता.

शेवटी डबा मोपेडच्या पुढ्यात ठेवून शहरातल्या एका दुकानात नेला. दुकानदारानं विचारलं, किती साली घेतला? मी सांगितलं. "ताई, याचं आता काही मिळत नाही. बत्तीस हजारात नवीन बसवून देतो." झालं. एक स्क्रूसुद्धा सोडवला नाही त्यानं. वर "जुना ठेवून जा, भंगारात काढतो" म्हणाला. मी डबा उचलला आणि परत आले.

रविवारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मीच कडेचं झाकण काढलं. आत तीन पंखे: प्रोसेसरवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य चिपवर एक, मागच्या बाजूला एक आणि एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यात एक. ओरडतो कोण? आपल्याच पेपरची सुरळी केली, एक टोक कानाला, दुसरं एकेका पंख्याजवळ. प्रोसेसरवरचा पंखा लगेच सापडला. तो काढला आणि खाली पाहिलं, तर चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमधल्या फटीच दिसेनात. वर काळी लोकर दाबून बसवल्यासारखा थर.

ती लोकर कुठली, हे इथल्या माणसाला सांगायला नको. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडते. बॉयलरमध्ये बगॅस, म्हणजे उसाचा चोथा जळतो, त्याची राख. माझा संगणक गेली सोळा वर्षं रोज आठ तास तीच हवा ओढतोय. दसऱ्याला आम्ही त्याला हळदकुंकू वाहतो, झेंडूचा हार घालतो, समोर उदबत्ती लावतो. म्हणजे तीही पूड आणि धूर आतच. झाकण मात्र एकाही दसऱ्याला उघडलं नव्हतं.

फटी बुजल्या की प्रोसेसर तापतो. तापला की बोर्ड पंख्याला आणखी जोरात पळवतो. स्वस्त पंख्यात बेअरिंगचे छर्रे नसतात, बुशात, म्हणजे एका बारीक नळीत दांडी फिरते आणि दोन्हींच्या मध्ये तेलाचा पातळ थर असतो. पंखा जितका जास्त पळेल तितकं तेल लवकर वाळतं, बुश झिजतो, दांडी हलायला लागते आणि घरघर सुरू होते. मग तापलेला प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतो. माझं पान उघडत नव्हतं ते एवढ्यामुळे. व्हायरस कसला आलाय!

रंगाच्या मऊ ब्रशनं सगळं झाडलं. सायकलच्या दुकानातली हवा मारावी असं वाटलं होतं, पण पंख्याची पाती मोकळी सोडून हवा मारली की पंखा भलत्या वेगानं फिरून उरलासुरला बुशही जातो. शिवाय त्या हवेत पाणी असतं. मग पंख्यावरचं स्टिकर अर्धं सोलून सासूबाईंच्या शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. एकच. जास्त झालं की ते बाहेर येतं आणि त्यावर पुन्हा काजळी बसते.

आवाज बंद झाला, पण सहाच आठवडे. झिजलेला बुश तेलानं भरून येत नाही. मग कोल्हापुरात जुने पार्ट ठेवणाऱ्या एकाकडे माझ्या बोर्डावर बसणारा तोच ७७५चा कूलर, म्हणजे पंखा आणि पाती एकत्र, मिळाला. साडेतीनशे रुपये, वर चिप आणि कूलरच्या मध्ये उष्णता जाण्यासाठी लावायच्या पेस्टचे पन्नास. जुनी पेस्ट खडूसारखी वाळली होती. ती पुसली, मसुराच्या दाण्याएवढी नवीन लावली आणि कूलरच्या चार पिना दाबल्या. पहिल्या वेळी एक पीन अर्धवट बसली आणि पाच मिनिटांत संगणक बंद पडला, हेही सांगून टाकते. आधी बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगच्या पानावर, प्रोसेसरचं तापमान ८१ अंश दिसत होतं, आता ४७.

बत्तीस हजार कुठे आणि चारशे कुठे! दुकानदारानं नवीन विकू नये असं मी म्हणत नाही. त्याचं पोट त्यावर आहे. पण पेशंटला हात न लावता चिता रचायची, हे कसं चालेल? २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, हे वाचलं होतं. तिथं कंपनीनुसार माहिती मिळते. माझा डबा असेंबल्ड, सुटे पार्ट जोडून केलेला. त्याला कंपनीच नाही. माझ्यासारख्यांचा हक्क काय तो समोरच्या दुकानदाराच्या स्क्रू ड्रायव्हरमध्ये. तेव्हा माझं मागणं छोटं आहे. आधी झाकण उघडावं, कोणता पार्ट गेला ते दाखवावं, मग भाव सांगावा. उघडून बघण्याचे शंभर रुपये घेतले तरी मी देईन.

इथल्या एका शाळेत असेच अकरा संगणक प्लॅस्टिकखाली झाकून ठेवलेत. "आवाज करतात, बंद पडतात" एवढंच कारण समजलं. मी दोनदा जाऊन आले. खोलीची किल्ली कोणाकडे आहे तेच कळत नाही. मे महिन्यात मला पंधरा दिवस काम कमी असतं. ब्रश आहे, तेलाची कुपी आहे, पेस्टची नळी अजून अर्धी शिल्लक आहे. किल्ली ज्यांच्याकडे असेल त्यांनी हे पत्र वाचावं.

आपली,
एक डीटीपीवाली, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर

ता. क. : हे वाचून कोणी उत्साहानं एसएमपीएसचा डबा उघडू नये. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये झटका बसण्याइतकी वीज राहते. त्यातला पंखा ओरडत असेल तर आख्खा एसएमपीएस बदलावा.