जपानमध्ये आपल्याला खाण्यासारखे आहे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जपानला निघालेल्या शाकाहारी माणसाला आपल्याकडे एकच सल्ला मिळतो: खाकरे-दशम्यांनी पिशवी भरून घे, तिथे तुला काही मिळायचे नाही. मलाही तोच मिळाला. गेल्या नोव्हेंबरात सहल कंपनीबरोबर गेले तेव्हा रोज दोन्ही वेळा पुरीभाजी, पावभाजी, छोले. बरोबरचा स्वयंपाकी मनापासून करत होता, त्याला बोल नाही. पण जपानी जेवणाचे विचारले की मार्गदर्शकाचे उत्तर ठरलेले, "काकू, ते सगळं नॉनव्हेज असतं." मी सदाशिव पेठेत ३१ वर्षे खानावळ चालवली. एखाद्या देशात जाऊन तिथली चूल न बघता परत यायचे, हे मला पटेना.

ते उत्तर निम्मे खरे आहे. तिथल्या रोजच्या स्वयंपाकाचा पाया म्हणजे 'दाशी' नावाचे पाणी, आणि ते बहुधा सुक्या बोनिटो माशाच्या किसापासून काढतात. नुसत्या टोफूच्या वाटीतही ते असू शकते. पण बौद्ध मठांत हेच पाणी कोम्बू नावाचे समुद्री शेवाळ आणि वाळवलेले शिताके मशरूम भिजवून काढतात. या मठातल्या स्वयंपाकाला 'शोजिन रियोरी' म्हणतात. त्यात मांस, मासे, अंडी नाहीतच, पण कांदा, लसूण, पात अशा उग्र वासाच्या पाच भाज्याही वर्ज्य. कांदेनवमीनंतर चार महिने कांदा-लसूण न शिवणाऱ्या घरात मी वाढले. हे कळल्यावर मी ओसाकातल्या भाचीला फोन केला आणि तिने अशा जेवणाची नोंदणी करून टाकली.

क्योटोच्या अराशियामा भागात तेन्र्यू-जी हे झेन, म्हणजे ध्यानमार्गी बौद्ध पंथाचे मंदिर आहे, १३३९ साली अशिकागा ताकाउजी या सेनानीने स्थापलेले. सगळ्याच सहली त्याच्या शेजारचे बांबूचे बन बघायला येतात. आमची मंडळी फोटो काढून भारतीय हॉटेलात जेवायला गेली आणि मी भाचीबरोबर मंदिराच्या आवारातल्या 'शिगेत्सु' या भोजनगृहात.

ततामीच्या चटयांवर लाल पट्टी अंथरलेली, त्यावर ओळीने बसायचे. अगदी आपली पंगत! पुढ्यात लाल लाखेच्या वाट्या. भात, सार, लोणचे, शिजवलेल्या भाज्या, आणि गोमा-दोफू. नावात टोफू असला तरी त्यात सोयाबीन नाही. तीळ लोण्यासारखे मऊ वाटायचे, त्यात कुडझू नावाच्या वेलीच्या मुळाचे सत्त्व आणि पाणी घालून मंद आचेवर हात न थांबवता घोटायचे आणि थंड करून वड्या पाडायच्या. गव्हाचा चीक घोटलेल्या बाईला त्या वडीमागचे दंडाचे कष्ट कळतात. दिसायला खरवस, जिभेवर ठेवला की आधी थंडावा आणि मग तिळाचा खमंगपणा.

पहिले दोन घास मला अळणी लागले, हे प्रामाणिकपणे सांगते. तिसऱ्यापासून गाजराला गाजराची आणि मुळ्याला मुळ्याची चव येऊ लागली. फोडणीखाली मी आयुष्यभर किती चवी झाकल्या, असे वाटून गेले. दूध, दही, तूप यांतले काहीही नसताना पोट नीट भरले.

भाचीने तिथे एक गोष्ट सांगितली. १२२३ साली दोगेन नावाचा तरुण जपानी भिक्षू चीनच्या बंदरात जहाजावर मुक्कामाला होता. एका मठाचा ६१ वर्षांचा आचारी मशरूम विकत घ्यायला जहाजावर आला. तो मठ आपल्या सम्राट अशोकाच्या नावाचा. दोगेनने रात्री राहण्याचा आग्रह केला. आचारी म्हणाला, उद्याचा स्वयंपाक मला करायचा आहे. या वयात ध्यान सोडून स्वयंपाक कशाला, असे दोगेनने विचारल्यावर तो हसला आणि म्हणाला, तुला साधना म्हणजे काय ते अजून कळलेले नाही. पुढे १२३७ साली दोगेनने मठाच्या आचाऱ्यांसाठी एक ग्रंथच लिहिला, आणि साध्या पालेभाजीला कमी लेखू नका असे त्यात बजावले. हे ऐकताना माझे डोळे भरून आले. चुलीपुढे गेलेल्या वर्षांना कोणी साधना म्हटलेले मी प्रथमच ऐकत होते.

मठात भिक्षू जेवणाआधी पाच विचार म्हणतात. पहिला असा, की हे अन्न इथवर येण्यात किती जणांचे कष्ट आहेत. शेवटी मुळ्याच्या लोणच्याच्या फोडीने वाडगा पुसून, गरम पाण्याने विसळून ते पाणी पितात. माझे आजोबा ताटात पाणी घालून असेच पीत.

संध्याकाळी बसमध्ये मी हे सांगितले तेव्हा चार जणी हळहळल्या. त्यांतल्या एकीचे चातुर्मासाचे नेम माझ्याहून कडक आहेत. बांबूच्या बनापासून ते जेवण पाच-दहा मिनिटांवर होते, आणि तिला कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणून सहल कंपन्यांना माझी कळकळीची विनंती आहे. क्योटोच्या दिवशी एक दुपार या जेवणासाठी ठेवा. ते दुपारीच मिळते, नोंदणी आधी करा, बागेचे तिकीट वेगळे धरा आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना खाली बसावे लागेल हे आधीच सांगा. नोव्हेंबरच्या सहलींच्या जाहिराती आपल्या अंकात येऊ लागल्या आहेत. 'महाराष्ट्रीय जेवणाची सोय' या ओळीखाली ही एक ओळ वाढवायला अजून वेळ आहे.

आपली नियमित वाचक,
सदाशिव पेठ, पुणे