अंटार्क्टिकातल्या वोल्थाट पर्वताच्या फील्डवर्कबद्दल नचिकेतला पत्र

पुणे

प्रिय नचिकेत,

तुझा आराखडा वाचला. चौदा दिवसांत बेचाळीस थांबे, म्हणजे रोज तीन. सह्याद्रीत हे जमेल. अंटार्क्टिकात वारा, ढग किंवा हेलिकॉप्टरच्या दुसऱ्या कामामुळे निम्मे दिवस तंबूत जातील असं धरूनच आखणी करायची. म्हणून थांबे आधी महत्त्वाप्रमाणे लाव आणि अंतराचं नंतर बघ. पहिल्या दोन दिवसांत जे हाती येईल तेवढ्यावरही एक पेपर निघाला पाहिजे. तुझ्या यादीत ग्रुबर डोंगरांतलं अॅनॉर्थोसाइट, म्हणजे तिथला आग्नेय खडक, नवव्या दिवशी आहे. ते वर घे.

मैत्री या आपल्या तळापासून ग्रुबर शंभर किलोमीटरच्या आत आहे, पण वाटेत 12 अंश पूर्व रेखांश लागतो आणि तिथे यूटीएम या नकाशाच्या चौकट-पद्धतीचा झोन 32 संपून 33 सुरू होतो. मैत्री 11 अंश 44 मिनिटांवर, तर ग्रुबर 13 अंशांच्या पलीकडे. जीपीएस झोन आपोआप बदलतं, वहीत मात्र आपण नुसते आकडे लिहितो आणि परत आल्यावर ठिपके भलतीकडेच पडतात. नोंद अक्षांश-रेखांशातच ठेव.

उपग्रहचित्रावर खडक बर्फाला चिकटून दिसतो, त्यावर विसंबू नकोस. वारा डोंगराच्या पायथ्याशी बर्फ कोरून खोल घळ करतो. समोर दिसणाऱ्या खडकापर्यंत पोचायला कधी भलामोठा वळसा पडतो, कधी वाटच नसते. रेमा या उंचीच्या नकाशातून प्रत्येक थांब्याचा आडवा छेद इथेच काढून बघ. उघडा निळा बर्फ त्यामानाने बरा, भेगा दिसतात तरी. धोका असतो तो त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांत, कारण भेगेवरचा बर्फाचा पूल तिथेच लपतो. दोराशिवाय त्यावर पाय टाकायचा नाही.

आता वजन. पन्नास नमुने, सरासरी तीन किलो, म्हणजे दीडशे किलो. पण अॅनॉर्थोसाइटमध्ये झिरकॉन, म्हणजे वय काढायला लागणारं खनिज, अगदी कमी असतं. वय काढायचं तर एकेका जागी दहा-पंधरा किलो घ्यावं लागेल, नाहीतर त्यातली जाड कणांची, पेग्मटाइटसारखी शीर शोधावी लागेल. दुसरा मार्ग शहाणपणाचा. बेरीज दोनशे किलोवर गेली की ती हेलिकॉप्टरच्या माणसांच्या जागा खाते, त्यामुळे प्रत्येक नमुन्यापुढे तो कोणत्या प्रयोगशाळेसाठी, ते लिही. ज्यापुढे काही लिहिता येत नाही तो काढून टाक.

बेरिलियम-10 साठी, म्हणजे खडक बर्फाबाहेर कधी उघडा पडला ते काढायला, ग्रुबरचा दगड घेऊ नकोस, त्यासाठी लागणारं क्वार्ट्झ त्यात नाही. बर्फाने दुसरीकडून आणून उघड्या कड्यावर ठेवलेला ग्रॅनाइट किंवा नाइसचा धोंडा शोध, जो घरंगळलेला नाही आणि ज्याच्यावर बर्फ साचत नसावा. वरचे दोन-तीन सेंटिमीटर फोड, जाडी मोज आणि चहूबाजूंच्या क्षितिजाचे कोन तिथेच घे. फोटोवरून ते नंतर नीट मिळत नाहीत.

कंपासचं दुखणं वेगळं. इथे सुईचं उत्तर टोक खाली झुकतं, म्हणून दक्षिण टोकाला तांब्याच्या तारेचा वेढा असतो. तिथे दक्षिण टोक आपणच खाली जातं, त्यात ते वजन, मग सुई तळाला घासून अडते. वेढा उत्तर टोकाकडे सरकवावा लागतो. बारीक स्क्रूड्रायव्हर आणि चिमटा बरोबर ठेव, हे काम मैत्रीवर पोचल्यावर कर. आपल्या बेसाल्टजवळ सुई भरकटते हे तू फर्ग्युसनच्या टेकडीवर पाहिलंच आहेस. अंटार्क्टिकातल्या लोहयुक्त खडकाजवळही दिशा सूर्यावरून किंवा जीपीएसच्या दोन बिंदूंवरून पडताळून घे.

स्टोव्ह केरोसीनचा घे. ब्यूटेनचा सिलिंडर सिंहगडावर झकास चालेल, पण ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. त्याखाली वायूच होत नाही. पाणी म्हणजे बर्फ वितळवणं, आणि शून्य अंशाचा बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात तेच पाणी 80 अंशांपर्यंत तापतं. चौघांना दिवसाला सोळा लिटर पाणी धर, माणशी पाव लिटर इंधन धर आणि त्यावर निम्मं राखीव. चौदा दिवसांचे एकवीस लिटर होतात. अन्नही आठवडाभर जास्त. तंबूत स्टोव्ह पेटला की वरचं भोक उघडंच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. थंडीने दार गच्च बंद करायची बुद्धी सगळ्यांनाच होते.

उणे 15 अंश आणि ताशी 50 किलोमीटर वारा असेल तर अंगाला उणे 29 ची थंडी लागते. अशात बॉलपेन चालत नाही, पेन्सिल चालते. साधी प्लास्टिकची पिशवी कडक होऊन चिरते. जाड कापडी पिशव्या रविवार पेठेत शिवून घे, नंबर दगडावर आणि आतल्या चिठ्ठीवर दोन्हीकडे लिही. लिथियम बॅटरी खिशात, अंगालगत ठेवायची आणि शून्याखाली असताना कधीच चार्ज करायची नाही, कायमची खराब होते. गोठवणाऱ्या वाऱ्यात टॅबलेट बंद पडणार हे धरून कागदी नकाशा घे.

कागदपत्रांचं थोडक्यात. प्रस्ताव गोव्याच्या एनसीपीओआर या ध्रुवीय संशोधन केंद्राकडे. भारतीय अंटार्क्टिक अधिनियम 2022 मुळे परवानगी लागतेच. अंटार्क्टिकाच्या पर्यावरणासाठीच्या माद्रिद प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय कराराने खनिजांसंबंधी सगळ्या कामांना बंदी केली आहे, फक्त वैज्ञानिक संशोधन वगळून. तुझ्या प्रस्तावनेतलं ‘खनिजसंपत्तीची शक्यता’ हे वाक्य आजच काढ, त्याचा तुझ्या विषयाशी संबंधही नाही. वैद्यकीय तपासणी आणि औलीचं बर्फातलं प्रशिक्षण यांच्या तारखा कॉलेजात आधीच सांगून ठेव. आणि नमुने जहाजाने येतात, तुझ्याबरोबर विमानाने नाही, म्हणून प्रयोगशाळेची वेळ घाईने ठरवू नकोस.

थांबे अठरावर आण, प्रत्येकापुढे किलो आणि तास लिही, आणि नवी यादी पाठव. पहिल्या पाच थांब्यांचे छेद जोडायला विसरू नकोस. घळ कुठे आडवी येते ते दोघं मिळून बघू.

तुझा,
श्रीधर