तिथल्या भांडणात पडण्याआधी

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

वर्गातली पोलिश मैत्रीण आणि रशियन मुलगा कातिनच्या हत्याकांडावरून भांडले, तेव्हा तू म्हणालीस, "ऐंशी वर्षांपूर्वीचं काय उगाळता?" बाळा, वॉर्सात राहून हे पुन्हा बोलू नकोस.

हिटलरशी आधीच गुप्त वाटणी ठरवून 17 सप्टेंबर 1939 ला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून पोलंडमध्ये घुसल्या. पुढच्या मार्चमध्ये स्टालिन आणि त्याच्या साथीदारांनी एका कागदावर सह्या केल्या आणि सुमारे 22,000 पोलिश कैदी कातिनच्या जंगलात आणि इतर ठिकाणी गोळ्या घालून मारले गेले. लष्करी अधिकारी, पोलीस, आणि राखीव दलातून बोलावलेले डॉक्टर, वकील, शिक्षकसुद्धा. मग जवळजवळ पन्नास वर्षं मॉस्को सांगत राहिलं की हे जर्मनांनी केलं. खुद्द पोलंडमध्येही, कम्युनिस्ट राजवटीत, आपल्या बापाला कोणी मारलं हे उघड बोलायची चोरी. 1990 मध्ये गोर्बाचेव्हने कबुली दिली. माझ्या मते ही जखम चिघळली ती या खोट्यामुळे. त्यात 10 एप्रिल 2010 ला कातिनच्या स्मृतिसभेला निघालेलं पोलिश राष्ट्राध्यक्षांचं विमान रशियात स्मोलेन्स्कजवळ कोसळलं आणि 96 जण गेले. तुझ्या मैत्रिणीच्या पिढीने ते टीव्हीवर पाहिलंय.

त्या मुलाचंही ऐकून घे. नाझींना पोलंडमधून हटवताना सुमारे सहा लाख सोव्हिएत सैनिक कामी आले. त्यात त्याच्या घरचं कोणी असेल, तर पोलंडमध्ये रेड आर्मीचं, म्हणजे सोव्हिएत फौजेचं, स्मारक पाडलेलं बघून त्याच्या जिवाला लागणारच. शिवाय रशियात 4 नोव्हेंबरला सुट्टी असते, ती 1612 मध्ये पोलिश फौजेला मॉस्कोतून हुसकावल्याची. म्हणजे आक्रमण सोसल्याची आठवण त्यांच्याकडेही आहे. पण स्मारकासाठी हळहळणं वेगळं आणि कातिन नाकारणं वेगळं. तिथे 'दोघांचंही बरोबर' म्हणून सुटू नकोस.

आणि हे आपल्यालाही परकं नाही गं. 1943 पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत जे पाचेक हजार पोलिश राहिले, त्यात बहुतेक बायका आणि मुलं होती. स्टालिनने त्यांना घरातून उचलून मालगाड्यांत कोंबून सायबेरियात, कझाकस्तानात पाठवलं होतं. महावीर उद्यानातला त्यांचा स्मृतिस्तंभ तू पाहिलायस. मैत्रिणीला विचार, तिच्या घरातलं कोणी वळिवड्यात होतं का. असेल तर नाव कळव, मी इथल्या जुन्या लोकांकडे चौकशी करतो. त्या मुलालाही विचार, त्याच्या घरचं कोणी त्या लढाईत होतं का, आणि कुठे लढलं.

आई विचारतेय, थंडीचं जाकीट घेतलंस का?

तुझे,
बाबा